तान्ह्या पोळ्याला आमची साईट पडली

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पावणेसातला काकांचा फोन आला. "अवं पोरी, साईट उघडून नाही राहिली. नुसतं गोल गोल फिरून राहिलं. मले वाटलं माह्याच फोनचं नेट गेलं, तं बाजूच्याचाबी फोन पाह्यला, त्याच्यावरबी तेच." मी अंगणात सडा टाकत होते, पोरगा लाकडी बैलाला बेगड लावून दे म्हणून मागे लागलेला. काकांना म्हटलं थांबा पाहते, बादली बाजूला ठेवली आणि फोनवर साईट उघडली, तर दोन मिनिटं फिरल्यावर पांढरं पान आलं आणि त्यावर एकच ओळ, रिसोर्स लिमिट इज रीच्ड, ५०८ नंबरची एरर. एखादं पान कधीकधी अडकतं तसं असेल, तासाभरात येईल ठिकाणावर असं वाटलं. आली नाही. पुढचे नऊ दिवस आमचं जे काय झालं ते सगळं लिहून काढते, कारण गावागावात अशा छोट्या साईट चालवणारे बरेच जण आहेत आणि आम्हाला हे सांगायला कोणी नव्हतं.

आधी साईट काय ते सांगते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस-आर्णीच्या पट्ट्यात, सगळी कपाशी, तूर अन् सोयाबीन. २०१७ चं साल इकडं कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, आमचे अध्यक्ष गुरुजी, रिटायर्ड मास्तर. २०१८ मध्ये त्यांनीच काढलं की आपण सापळ्यांची मोजणी एका जागी आणू. कपाशीत कामगंध सापळे लावतात, एकरी दोन, त्यात बोंडअळीचे नर पतंग वासानं येऊन अडकतात. एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग, असं सलग तीन रात्री सापडलं तर फवारणीचा विचार करायचा, नाहीतर उगाच औषध मारायचं नाही, हे कृषीवाले दरवर्षी सांगतात पण एकट्या माणसाला आपल्या एका सापळ्यावरून धीर येत नाही. शेजारच्या चार गावांचा आकडा दिसला की येतो. म्हणून १७ गावांतले लोक रोज सकाळी सापळ्याची पिशवी सोडून पतंग मोजतात, पर्जन्यमापकातला पाऊस पाहतात, आकडे पाठवतात आणि साईटवर गावाच्या नावापुढं हिरवं, पिवळं किंवा लाल येतं. बाजूला शेतीपंपाच्या लायनीचं वेळापत्रक, कोणत्या आठवड्यात दिवसा आहे, कोणत्या आठवड्यात रात्री. रक्तदात्यांची यादी. एवढंच. पण पाहणारे बरेच आहेत, फवारणीचा निर्णय लोक त्यावर घेतात, आणि एक फवारणी वाचली म्हणजे हजार-दीड हजार तर वाचतातच, शिवाय एका माणसाचं त्या दिवशीचं विष अंगावर घेणं वाचतं. मला पैशापेक्षा ते मोठं वाटतं.

आणि दिवस कोणता तर पोळ्याच्या अमावस्येनंतरचा. अंधाऱ्या रात्री म्हणजे पतंगाचा अंडी घालायचा काळ असं आमच्याकडं सगळेच मानतात. त्याच्या आदल्या दोन रात्री सहा गावांचा आकडा आठच्या वर होता. तिसऱ्या रात्रीचा आकडा त्या सकाळी यायचा होता, म्हणजे सहा गावं लाल होणार की नाही ते त्याच सकाळी कळणार होतं.

नऊ वाजता होस्टिंगवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमची साईट भाड्यानं ठेवलेली त्यांचा, मेल दिसला, पहाटेच येऊन पडलेला होता, तुमच्या खात्यानं मर्यादेबाहेर वापर केला म्हणून खातं तात्पुरतं बंद. सपोर्टला फोन केला तर ते म्हणाले मोठा प्लॅन घ्या. आमचं होस्टिंग शेअर्ड, वर्षाला तीन हजाराच्या आतलं, वर्गणीतून भरलेलं. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका डीपीवर पन्नास मोटरपंप असतात तसं, एकानं जास्त ओढलं तर सगळ्यांचं व्होल्टेज पडतं, म्हणून वायरमन पहिले त्याचं कनेक्शन काढतो. त्यांचं काढणं मला समजलं. पण आम्ही तर काही जास्त लावलं नव्हतं, मग ओढलं कोणी?

संध्याकाळी नागपूरच्या मावसभावाला फोन लावला, तो आयटीत आहे. त्यानं पहिलंच विचारलं, "ताई, रॉ अ‍ॅक्सेस लॉग डाऊनलोड केला का?" लॉग म्हणजे साईटवर कोण कधी आलं याची सर्व्हरनं ठेवलेली नोंदवही, ती असते हेच मला माहीत नव्हतं. सीपॅनल, म्हणजे होस्टिंगचं खातं सांभाळायचं पान, उघडत होतं हे नशीब. लायनी गेलेल्या, वाचनालयाच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ती फाईल उतरायला पाऊण तास लागला, आणि उघडली तेव्हा लॅपटॉपच हँग झाला एवढी मोठी. मग भावानं तुकडे करून कशी पाहायची ते फोनवर सांगितलं. एरवी आमच्याकडं दिवसाला चार-पाच हजार ओळी असतात, एक ओळ म्हणजे एक मागणी. त्या रात्री दोन ते पाच या तीन तासांत सोळा लाख ओळी. सेकंदाला दीडशेच्या आसपास. भाऊ म्हणाला मोठ्या जगात हे काहीच नाही, २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्रॅमर लोकांच्या मोठ्या साईटवर आलेला हल्ला सेकंदाला १.३५ टेराबिटचा, म्हणजे साडेतेरा लाख मेगाबिटचा होता. पण आमच्यासारख्या साईटला पाडायला दीडशे पुरे आहेत, आणि का पुरे आहेत ते त्या ओळी वाचल्यावर कळलं.

जवळजवळ सगळ्या ओळी आमच्या शोधपेटीवर होत्या. कोणीतरी त्या पेटीत अगडबगड अक्षरं टाकून शोध मारत होतं, दर वेळी वेगळी अक्षरं. साधं पान मागितलं तर वर्डप्रेस, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर आमची साईट बनवली होती ते, आधी बनवून ठेवलेली प्रत देऊन टाकतं, त्याला कॅश म्हणतात, सर्व्हरला फार त्रास होत नाही. पण शोध दर वेळी नवा असला तर तयार प्रत नसतेच, दर वेळी डेटाबेस उघडून सगळे लेख चाळावे लागतात. उरलेल्या ओळी एक्सएमएलआरपीसी नावाच्या फाईलवर होत्या, ती वर्डप्रेसमध्ये जुन्या काळापासून पडलेली असते, बाहेरच्या अ‍ॅपवरून लिहिण्यासाठी, आम्ही आयुष्यात वापरली नाही. गुरुजी बाजूला बसून ऐकत होते. त्यांना मी सांगितलं की हे असं आहे, कापसाच्या काट्यावर कोणी रात्रीतून हजार रिकाम्या गाड्या आणून लावल्या, प्रत्येक गाडी काट्यावर चढते, वजन होतं, उतरते, आणि ज्याच्या गाडीत खरा कापूस आहे तो गेटच्या बाहेर उभा. याला डीडॉस म्हणतात. गाड्या एका माणसाच्या असत्या तर ओळखून हाकलल्या असत्या, पण प्रत्येक गाडीचा नंबर वेगळा.

नंबर म्हणजे आयपी, इंटरनेटवरचा पत्ता. आणि इथं माझ्याकडून मोठी चूक झाली. होस्टिंगवाल्यांनी दुसऱ्या दिवशी विनवण्या केल्यावर खातं उघडून दिलं, मी लॉगमधले जास्त वेळा आलेले आयपी काढले आणि सीपॅनलमध्ये एकेक करून ब्लॉक करत बसले, दुपारपर्यंत दोनशेच्या वर केले. तासाभरात नवे दोनशे आले. ते ठीक, पण चार वाजता तीन गावांतून फोन सुरू झाले की आमच्याकडं आता साईट पूर्णच बंद, आधी निदान फिरायची तरी. झालं असं की मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच आयपीच्या मागं ठेवतात, टॉवरवरचा सगळा गाव बाहेरून एकच माणूस दिसतो. मोर्शीपासून पुसदपर्यंतची किती माणसं त्या एका नंबरात असतील कोणाला माहीत. यादीत तो आयपी जास्त वेळा दिसला कारण आमचेच लोक साईट उघडते का म्हणून पुन्हा पुन्हा दाबत होते, आणि मी त्यांनाच बाहेर काढलं. ते कळल्यावर मला खूप वाईट वाटलं, रात्री झोप आली नाही. हातानं आयपी ब्लॉक करायच्या भानगडीत कोणी पडू नका, निदान आपल्या देशातल्या मोबाईलचे तरी नाहीच.

या दिवसांत आकडे थांबले नव्हते. पहिल्याच सकाळी गुरुजींनी वाचनालयाचा फळा उचलून पारावर नेला, सतरा गावांची नावं खडूनं लिहिली, मी फोनवर आकडे घेत गेले आणि ते लिहीत गेले. काकांचा आकडा अकरा आला. काका पासष्टीचे, चष्म्याला दोरा बांधलेला, सापळ्याची पिशवी खालून सोडून मेलेले पतंग तळहातावर घेतात आणि कडुनिंबाच्या काडीनं एकेक बाजूला सारत मोजतात, दोनदा मोजल्याशिवाय आकडा सांगत नाहीत. "अकरा. दोन खेपा मोजले. लिव्ह." सहापैकी पाच गावं लाल झाली. फळ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर गेला, देवळाच्या भोंग्यावरून संध्याकाळी वाचून दाखवलं. पण बाकीच्या बारा गावांत फोटो किती जणांपर्यंत पोचला सांगता येत नाही, कारण जुन्या तारखेचे फोटो पुन्हा पुन्हा फिरत राहतात आणि एका गावात तर चार दिवसांपूर्वीचाच आकडा पाहून दोघांनी फवारणी केली. त्यातल्या एकाला चक्कर आली, दवाखान्यात सलाईन लावून संध्याकाळी घरी आला, बरा आहे. पण ते ऐकल्यावर गुरुजी खूप वेळ काही बोलले नाहीत.

भावाचं म्हणणं पहिल्यापासून एकच, साईटच्या समोर क्लाऊडफ्लेअर नावाच्या कंपनीची सेवा लावा, फुकटचा प्लॅन पुरेसा आहे, हल्ला कितीही मोठा आला तरी २०१७ पासून ते फुकटवाल्यांनाही त्याचे पैसे लावत नाहीत. होतं काय की आपल्या साईटचा पत्ता विचारणाऱ्याला आपल्या सर्व्हरऐवजी त्यांच्या सर्व्हरकडं पाठवलं जातं, ते चाळून खरी माणसं आत सोडतात. त्यासाठी एकच करायचं, डोमेनच्या, म्हणजे साईटच्या नावाच्या, खात्यात जाऊन नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर, बदलायचे. दहा मिनिटांचं काम.

आम्हाला दोन दिवस लागले. डोमेन २०१८ मध्ये गावातल्याच एका पोरानं घेऊन दिलं होतं, तेव्हा तो कॉलेजला होता, दरवर्षी पैसे आम्ही द्यायचो आणि रिन्यू तो करायचा. आता तो चाकणला कंपनीत, नाईट शिफ्ट. फोन लावला तर नंबर दुसऱ्याच कोणाचा, तो म्हणाला मी कोल्हापूरचा. त्याच्या घरी गेले, त्याची आई महालक्ष्म्यांच्या तयारीला लागलेली, फराळाची डाळ वाळत घातलेली, तिनं नवा नंबर दिला. पोरगा झोपेतून उठून संध्याकाळी पाचला बोलला, बिचारा सगळं करायला तयार, पण डोमेनच्या खात्याचा पासवर्ड आठवेना, आणि ज्या मेलवर पासवर्ड बदलायची लिंक जाते त्या मेलचा ओटीपी जुन्या नंबरवर, म्हणजे कोल्हापूरच्या माणसाकडं. मी तिथंच ओट्यावर बसून राहिले. मग त्यालाच आठवलं की त्याचा जुना लॅपटॉप घरीच आहे, दिवाळीत आला की त्यावर पिक्चर पाहतो. आईनं गोधड्यांच्या पेटीतून काढला, टॉवेलात गुंडाळलेला. चार्जर नव्हता. वाचनालयाच्या लॅपटॉपचा लावून पाहिला तर पिन बसली, पण बॅटरी मेलेली म्हणून वायर जराही हलली की बंद व्हायचा. त्याची आई वायर हातानं धरून बसली, मी चालू केला, ब्राउझरमध्ये मेलचा पासवर्ड सेव्ह होता. मेल उघडला. मी त्या माऊलीकडं पाहिलं तर ती वायर तशीच धरून, मला म्हणते, "झालं का वं? सोडू का?" मी म्हटलं काकू, अजून पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांत डोमेनचा पासवर्ड बदलला, खातं वाचनालयाच्या मेलवर घेतलं, नेमसर्व्हर बदलले. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. बदल सगळीकडं पोचायला चोवीस तासही लागू शकतात असं लिहिलेलं असतं, आमचं रात्री अकराला झालं. क्लाऊडफ्लेअरमध्ये अंडर अटॅक मोड म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की येणाऱ्या प्रत्येकाला आधी चार-पाच सेकंद थांबवून त्याचा ब्राउझर खरा आहे का ते तपासतात. दाबलं. हल्ला झाल्यापासून पहिल्यांदा साईट धाडकन उघडली.

सकाळी काकांचा फोन. "उघडून राहिली, पण पुढं जाऊन नाही राहिली." काकांचा फोन जुना, आणि ती तपासणी जुन्या फोनवर अडकते, पुढं सरकतच नाही. आमच्या आकडे पाठवणाऱ्यांत असे पाच-सहा फोन होते. तर ज्या माणसांसाठी साईट, तीच बाहेर. मग भावानं नियम लावून दिले, फुकटच्या प्लॅनमध्ये पाच नियम लावता येतात, आम्हाला दोनच लागले, शोधपेटीवर जो येईल त्याची तपासणी, एक्सएमएलआरपीसीवर जो येईल त्याला सरळ नाही म्हणायचं, आणि बाकी सगळ्यांना मोकळं. अंडर अटॅक मोड बंद. काकांना पान दिसलं. ते बटण हल्ला चालू असताना तासा-दोन तासांपुरतं ठेवायचं असतं, कायमचं लावून ठेवणारे मी नंतर पाहिले, त्यांनी एकदा आपल्या भागातल्या सगळ्यात जुन्या फोनवर साईट उघडून पाहावी.

वाटलं झालं. तीन दिवसांनी साईट पुन्हा पडली, आणि गंमत नाही, क्लाऊडफ्लेअरच्या आलेखात सगळं शांत. एकही जास्तीची मागणी नाही. ५२२ नंबरची एरर, म्हणजे क्लाऊडफ्लेअर आमच्या सर्व्हरला हाका मारतंय आणि सर्व्हर ओ देत नाही. भावाच्या लगेच लक्षात आलं. समोरच्या दारावर आम्ही राखणदार बसवला होता, पण परसदाराचा पत्ता जगाला माहीत होता. सर्व्हरचा जुना आयपी आम्ही बदललाच नव्हता, आणि डोमेनचे जुने आयपी जपून ठेवणाऱ्या साईट असतात, तिथं तो कोणालाही दिसतो. शिवाय मेलची एक नोंद डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नाव-पत्त्यांच्या यादीत, तशीच उघडी होती, तिच्यावरही तोच आयपी. हल्ला करणारा डोमेनचं नाव सोडून थेट त्या आयपीवर जात होता. याच्यावर इलाज असा की सर्व्हर बदलून नवा आयपी घ्यायचा, तो कुठंच उघडा पडू द्यायचा नाही, आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या फाटकावर, सांगून ठेवायचं की क्लाऊडफ्लेअरच्या आयपींशिवाय कोणालाच दार उघडू नको, त्यांच्या आयपींची यादी त्यांनी जाहीर केलेली आहे. पण शेअर्ड होस्टिंगवर फायरवॉल आपल्या हातात नसते. स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे वेगळा भाड्याचा सर्व्हर, घ्यावा लागेल, तो सांभाळायला माणूस लागेल, आणि तो माणूस म्हणजे मी, जिला आठवडाभरापूर्वी लॉग माहीत नव्हता.

त्या रात्री गुरुजींनी एक साधा प्रश्न विचारला. "आपल्या फळ्याला काय काय लागते?" मी म्हटलं काय लागतं, फळा अन् खडू. "मंग साईटले एवढं सगळं कायले लागते?" मी भावाला तसंच विचारलं. तो हसला नाही, म्हणाला गुरुजी बरोबर बोलून राहिले. आमच्या साईटवर दिवसातून दोनदा आकडे बदलतात. त्यासाठी दर माणसाला नव्यानं पान बनवून देणारं वर्डप्रेस, डेटाबेस, शोधपेटी यातलं काहीच लागत नाही. एकदा पान बनवायचं आणि तेच सगळ्यांना द्यायचं. यालाच स्टॅटिक साईट म्हणतात.

चार दिवस बसून आम्ही तेच केलं. आता गावोगावचे लोक गूगल फॉर्ममध्ये आकडा टाकतात, नाहीतर मला फोन करतात आणि मी टाकते. तो शीटमध्ये जातो. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी सहाला एक छोटा प्रोग्रॅम शीट वाचून साधं एचटीएमएल पान बनवतो आणि क्लाऊडफ्लेअर पेजेस या त्यांच्याच साईट ठेवायच्या सेवेवर टाकतो. तिथं फुकटात महिन्याला पाचशे वेळा पान टाकता येतं, आमचं साठ वेळा होतं. पाहणारे कितीही असोत, त्याला मोजमाप नाही. पहिलं पान आधी दीड एमबीचं होतं, आता ४० केबीच्या आत, काकांच्या फोनवर टूजीतही उघडतं. शोधपेटी काढून टाकली, सतरा गावांची यादी अआइई प्रमाणं लावली, आणि खरं सांगते, शोधपेटी गेली म्हणून एकाही माणसाचा फोन आला नाही. सगळे बोटानं खाली सरकवून आपलं गाव पाहतात, आधीही तेच करत होते. जुनं होस्टिंग बंद केलं. आता ज्याच्यावर हल्ला करायचा असा आमचा सर्व्हरच कुठं नाही. शीट किंवा प्रोग्रॅम अडकला तरी सकाळचं पान तसंच राहतं, त्यावर मोठ्या अक्षरात तारीख अन् वेळ, म्हणजे जुना आकडा नवा समजून कोणी पंप पाठीवर घेणार नाही. ती तारीख मोठी करायचं मी हट्टानं केलं.

कोणी केलं हे सगळे विचारतात. गावात तर दुसऱ्याच दिवशी नावं फिरायला लागली, अमक्या दुकानदाराची औषधं खपून नाही राहिली म्हणून त्यानं केलं, तमक्या पुढाऱ्याचं केलं. गुरुजींनी पारावर सगळ्यांसमोर सांगितलं की पुराव्याशिवाय कोणाचं नाव या वाचनालयातून निघणार नाही. लॉगमधले आयपी पन्नास देशांतले होते, त्यातून मागचा माणूस दिसत नाही. पैसे देऊन तासाच्या हिशेबानं हल्ले विकत मिळतात. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले होते, त्या ऑक्टोबरात त्यांच्याकडून झालेल्या हल्ल्यानं अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या साईट अडखळल्या, आणि तो प्रोग्रॅम बनवणारी तीन विशीतली पोरं निघाली. ताब्यात घ्यायला त्यांनी काय केलं तर कंपनीनं घालून दिलेले साठेक यूजरनेम-पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले, लोकांनी बदललेलेच नव्हते. हे वाचून मी उठले आणि आमच्या वाचनालयाच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला जाऊन पाहिलं. अ‍ॅडमिन, आणि पासवर्ड एक ते सहा. लावणारा लावून गेला तसाच. दुसऱ्या कोणाच्या दवाखान्याच्या, शाळेच्या साईटवर आमच्याच गावातून रिकामी गाडी जाऊन चढत असेल तर? त्याच दिवशी बदलला, मग पतसंस्थेचा, शाळेचा, दोन किराणा दुकानांचा, सगळीकडं जाऊन बदलून दिले.

तक्रारही केली. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये अशी सेवा अडवणं येतं आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ठाण्यात पहिला प्रश्न आला किती पैसे गेले. पैसे गेले नाहीत म्हटल्यावर समजावून सांगायला वेळ लागला, पण अर्ज घेतला, पोच दिली. सर्ट-इन या सायबर हल्ल्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेलाही मेल केला. लॉगची फाईल पेन ड्राईव्हमध्ये जपून ठेवली, कारण होस्टिंगवर ती थोडेच दिवस राहते, तक्रार करायची असेल तर आधी ती उतरवून घ्या.

राहिलेली कामं बारीक पण तीच नडतात. अपटाईम रोबोटवर साईट लावली, तो दर पाच मिनिटांनी फुकटात पाहतो आणि बंद दिसली की मला, गुरुजींच्या सुनेला आणि भावाला एकदमच कळवतो, काकांच्या फोनची वाट पाहायची नाही. डोमेनच्या खात्यावर आता दोन जणांचे मेल, ओटीपीचा नंबर वाचनालयाचा, ते सिम गुरुजींच्या कपाटात डबा फोनमध्ये आणि दर महिन्याला रिचार्ज करायचं रजिस्टरमध्ये लिहिलेलं. रिकव्हरीचे कोड कागदावर, पाकिटात, सहीशिक्क्यानं बंद. डोमेन संपायची तारीख वाचनालयाच्या कॅलेंडरवर लाल पेनानं. पाच वर्षांचं एकदम भरून टाकलं, वर्गणी त्यासाठीच काढली. आणि फळा पारावरून परत आणला नाही. साईट चालू असली तरी रोज नऊ वाजता आकडे फळ्यावर लिहिले जातात, सध्या सातवीतली एक पोरगी लिहिते, तिचं अक्षर चांगलं आहे.

दसऱ्याच्या नंतर एका सकाळी सहज क्लाऊडफ्लेअरचा आलेख उघडला तर रात्री एक ते चारमध्ये सरळ भिंतीसारखी रेघ वर गेलेली. एकवीस लाख मागण्या. शोधपेटीच्याच पत्त्यावर, जी आता नाहीच. अपटाईम रोबोटचा एकही मेसेज आलेला नव्हता. मी आलेख पाहत होते तेवढ्यात काकांचा फोन वाजला. धडधडलंच मला.

"चार," काका म्हणाले. "लिव्ह. अन् आमच्या इकडं रातच्याला पाऊस झाला, बारा मिलीमीटर."